डेस्कवरून उठले ते थेट कांद्याच्या लिलावात

पेपर सोडून स्वतःचं पोर्टल नाहीतर यूट्यूब चॅनल काढायचंय, जरा बोलायचं होतं, असा फोन अधूनमधून येतच असतो आणि दरवेळी मी तेच तेच सांगत बसते, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं. फोन करणारे बहुतेक तालुक्याचे बातमीदार नाहीतर डेस्कवरची पोरं असतात, चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, घराचा हप्ता चालू, आणि मोबाईलवर कुणीतरी मोठ्या माणसाने नोकरी सोडून लाखो सबस्क्रायबर मिळवलेले बघितलेले. आता रवीश कुमारांनी नोव्हेंबर 2022 ला एनडीटीव्ही सोडलं आणि लोक त्यांच्या मागोमाग यूट्यूबवर गेले, कारण तो चेहरा वर्षानुवर्षं रोज रात्री घरात दिसत होता. माझा चेहरा कुणाला माहीत? मी नाशिकला एका मोठ्या मराठी पेपरात मुख्य उपसंपादक होते. उपसंपादकाला बायलाइन नसते हो. दुसऱ्याची बातमी घासूनपुसून लावायची, हेडिंग द्यायचं, इंट्रो बदलायचा, आणि सकाळी नाव छापून येतं बातमीदाराचं. बाहेर मला ओळखणारे म्हणजे आमचे बातमीदार, पानं लावणारे ऑपरेटर आणि ऑफिसखालचा चहावाला.

सोडलं का, हे पहिलं विचारतात. लोकांना काहीतरी बाणेदार ऐकायचं असतं, संपादकांच्या टेबलावर राजीनामा आपटला वगैरे. तसं काही झालं नाही. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये पगार कापले ते पूर्ववत व्हायला फार वेळ लागला, काहींचे झालेच नाहीत. तालुक्यांची वेगवेगळी पानं होती ती एकत्र करून दोन जिल्ह्यांचं मिळून एक पान केलं, म्हणजे सटाण्याच्या माणसाला त्याच्या गावची बातमी दिसायची बंद झाली आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या कुठल्यातरी नगरपालिकेची दिसायला लागली. बातमीदारांना जाहिरातीचं टार्गेट तर आधीपासून होतंच, वर्धापनदिनाला एवढे, दिवाळीला एवढे, आमदारांच्या वाढदिवसाच्या पुरवणीला एवढे, पण आता टार्गेट आधी आणि बातमी नंतर असं उघडच बोलायला लागले. ज्या माणसाकडून पुरवणीसाठी अर्धं पान आणायचं त्याच्याच विरुद्ध बातमी कशी लिहिणार, एवढा साधा प्रश्न आहे. डेस्कवर मला रोज कळायचं कुठली बातमी का आली नाही. एका पतसंस्थेच्या ठेवीदारांची बातमी आमच्या रिपोर्टरने कागदपत्रांसकट दिली होती, ती 'उद्या बघू' मध्ये अडकली आणि अडकूनच राहिली. पण खरं सांगायचं तर त्या बातमीसाठी मी नोकरी सोडली नाही. मला कंटाळा आला होता. रात्री साडेनऊला बाहेरगावची डाक एडिशन सोडायची, साडेबाराला सिटी, एकला घरी, आणि त्यात काहीच आपलं नाही.

आम्ही तिघांनी मिळून ठरवलं, मी, तो क्राईम बघणारा रिपोर्टर आणि एक फोटोग्राफर ज्याला व्हिडिओ एडिटिंग येत होतं. 2023 च्या सुरुवातीला एकामागून एक राजीनामे दिले, एकदम दिले असते तर उगाच कट वाटला असता.

राजीनाम्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण यात पोरं पैसे सोडून येतात. 1955 च्या श्रमिक पत्रकार कायद्यात एक मजेशीर तरतूद होती. दहा वर्षं सलग नोकरी झालेल्या पत्रकाराने स्वतःहून राजीनामा दिला तरी त्याला ग्रॅच्युइटी मिळायची, आणि सदसद्विवेकबुद्धीच्या कारणावरून राजीनामा दिला असेल तर तीनच वर्षं पुरायची! म्हणजे हा पेपर जे छापतोय ते माझ्या मनाला पटत नाही असं म्हणून माणूस उठून जाऊ शकतो, हे कायदा करणाऱ्यांनी तेव्हाच गृहीत धरलेलं. मी इतकी वर्षं पेपरात काढली पण या कलमाखाली कुणी राजीनामा दिल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही, सगळे 'वैयक्तिक कारणास्तव' लिहितात, मीही तेच लिहिलं. माझी दहाच्या वर वर्षं झालेली त्यामुळे प्रश्न नव्हता. रिपोर्टर मात्र कॉन्ट्रॅक्टवर, दर वर्षी नवीन कागद, त्याला काही नाही. फोटोग्राफर तर व्हाउचरवर, म्हणजे पगारपत्रकावर नावच नाही, त्याच्याकडे तो तिथे काम करत होता याचा पुरावा म्हणजे छापून आलेले फोटो. पत्रकारांचे पगार ठरवणाऱ्या मजिठिया आयोगाच्या शिफारशी नोव्हेंबर 2011 ला लागू झाल्या, फेब्रुवारी 2014 ला सुप्रीम कोर्टानेही त्यावर शिक्का मारला, पण त्यातल्या 20-जे कलमाखाली 'आम्हाला आहे तोच पगार मान्य आहे' असं लिहून देण्याचे कागद कितीतरी ऑफिसात फिरले. नंतर 2017 ला कोर्टाने स्पष्ट केलं की असं लिहून दिलं तरी आयोगापेक्षा कमी पगार देता येणार नाही. पण भांडायला कोण जाणार आणि कुठल्या पैशाने.

दुसरी गोष्ट मेडिक्लेम. ऑफिसचा ग्रुप मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो. घरी सासूबाईंना शुगर आणि बीपी. त्यामुळे राजीनामा द्यायच्या आधीच स्वतःची पॉलिसी काढून ठेवायची, नंतर नाही. आणि कर्ज, क्रेडिट कार्ड, जे काही लागणार असेल ते सॅलरी स्लिप हातात असतानाच करून घ्यायचं, एकदा का तुम्ही 'व्यवसाय' झालात की बँक दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागते.

निरोपाच्या दिवशी भाषणं झाली, त्यात एका ज्येष्ठ सरांनी आगरकर काढलेच. टिळकांशी पटेना म्हणून आगरकरांनी 1887 ला 'केसरी' सोडला आणि पुढच्या वर्षी स्वतःचा 'सुधारक' काढला, तुम्हीही त्याच वाटेने चाललात वगैरे. बरं वाटलं ऐकून. पण घरी येताना मनात आलं की आगरकर फर्ग्युसनला शिकवत होते, म्हणजे पेपर चालो न चालो घरात तुटपुंजा का होईना पण पगार येत होता. हे कुणी भाषणात सांगत नाही. आमच्या घरी माझा नवरा अंबडला एमआयडीसीत नोकरीला आहे, म्हणून मी सोडू शकले, एवढं सरळ आहे. ज्याच्या घरात दुसरा पगार नाही त्याने निदान वर्षभराचा घरखर्च बाजूला काढल्याशिवाय माझं ऐकून काही करू नये.

मग रजिस्ट्रेशन. इथे गंमत अशी की बातम्यांची वेबसाइट काढायला आपल्याकडे लायसन्स लागतच नाही. छापील पेपर काढायचा तर टायटल घ्या, डिक्लेरेशन करा, नंबर घ्या, 1867 चा कायदा जाऊन त्या जागी 2023 चा आला आणि मार्च 2024 पासून लागू झाला, पण डिजिटलवाले त्यातही नाहीत. आम्हाला आधी वाटलं बरंय, भानगड नाही. नंतर कळलं की भानगड नाही म्हणजे ओळखही नाही. शासनमान्य यादीत नाही म्हणून सरकारी जाहिरात नाही, अधिस्वीकृती म्हणजे सरकारी पत्रकार ओळखपत्र नाही, जाहीर नोटिसा आणि टेंडरं जी छोट्या पेपरांचा खरा आधार असतात ती आमच्याकडे यायचा प्रश्नच नाही. छापील पेपरला जीएसटी शून्य आणि तीच बातमी ऑनलाइन वर्गणी घेऊन विकली तर अठरा टक्के, अर्थात वीस लाखांची उलाढाल झाली तर, तेवढी चिंता आम्हाला नव्हती.

शिवाय फेब्रुवारी 2021 चे आयटी नियम आहेत. त्यात डिजिटल बातम्या देणाऱ्याने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, त्याचं नाव-पत्ता साइटवर टाकायचा, आणि केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला स्वतःची माहिती कळवायची. त्यातल्या आचारसंहितेच्या सक्तीला मुंबई हायकोर्टाने ऑगस्ट 2021 ला स्थगिती दिली, ती याचिका 'द लीफलेट' आणि निखिल वागळे यांची. पण बाकीचं राहिलंच. आमच्यात तक्रार निवारण अधिकारी मी झाले कारण बाकी दोघं फिल्डवर असायचे. म्हणजे चूक आम्हीच करणार, तक्रार माझ्याकडेच येणार, निवारण मीच करणार. कंपनीऐवजी एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी केली, सीएने तोच सल्ला दिला, साध्या भागीदारीपेक्षा सुरक्षित आणि प्रायव्हेट लिमिटेडपेक्षा कटकट कमी. त्याच सीएने विचारलं, मॅडम तुम्ही कुठल्या फाउंडेशनचा ग्रँट वगैरे घेणार नाही ना? कारण स्वतंत्र माध्यमांना पैसे देणाऱ्या बंगळुरूच्या आयपीएसएमएफवर सप्टेंबर 2022 लाच आयकरवाले जाऊन आले होते आणि ती बातमी त्याने वाचलेली. मी म्हटलं, अहो आम्हाला कोण देतंय.

सुरुवातीचे महिने म्हणजे नुसता अंधार. आम्ही छान छान विषयांवर व्हिडिओ केले. नाशिकच्या एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं, पाणी गोदावरीत कसं जातं, घोटी-इगतपुरीकडे धरणं उशाला असून उन्हाळ्यात टँकर का लागतो, रात्र रात्र जागून एडिट केले, आणि बघणारे कोण तर आमचे नातेवाईक आणि जुन्या ऑफिसातले लोक, तेही बघून फोन करणार नाहीत, गुपचूप बघणार. यूट्यूबच्या जाहिरातीत वाटा मिळायला एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तासांचा वॉच टाइम लागतो, ते ओलांडलं की पैसे येतील असं वाटत होतं. ओलांडलं. पत्ता तपासायला गूगल एक पिन पोस्टाने पाठवतं, तो कागद फाडून आत बघायचा तेव्हा आम्ही तिघं अशी काही उत्सुकता दाखवत होतो की जसं काही बोर्डाचा रिझल्ट. मग शंभर डॉलर जमेपर्यंत पैसे खात्यात येत नाहीत. ते जमायला जो काळ लागला तो सांगत नाही. मराठी बातम्यांच्या व्ह्यूजना जाहिरातदार फार भाव देत नाहीत, हे लिहून ठेवा. लाखभर व्ह्यूज मिळालेल्या व्हिडिओचे पैसे फोटोग्राफरच्या दुचाकीच्या हप्त्याला पुरले नाहीत.

आणि सगळ्यात त्रास कशाचा झाला, तर मागे नाव नसण्याचा. पेपरात असताना फोन लावला की 'मी अमुक पेपरमधून बोलतेय' एवढं म्हटलं की पलीकडचा सरळ बसायचा, हो-नाही काहीतरी बोलायचा. आता पोर्टलचं नाव सांगितलं की 'काय? कुठलं?' मग परत सांगायचं, मग 'बरं, साहेब मीटिंगमध्ये आहेत'. लासलगावच्या कांदा बाजारात पहिल्यांदा माईक घेऊन गेले तेव्हा ट्रॅक्टरवर बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, 'कुठल्या पेपरच्या ताई तुम्ही?' मी सगळं समजावून सांगितलं, पेपर नाही, आमचं स्वतःचं आहे, मोबाईलवर दिसतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'म्हणजे अजून लागली नाही का नोकरी?'

लासलगावला का गेले तर रिपोर्टरचं गाव निफाड तालुक्यात. फेब्रुवारी 2023 ला कांदा एवढा पडला होता की सोलापूर बाजारात 512 किलो कांदा विकून शेतकऱ्याच्या हातात 2 रुपयांचा चेक आल्याची बातमी देशभर गेली. मग सरकारने क्विंटलला 350 रुपये अनुदान जाहीर केलं, जास्तीत जास्त 200 क्विंटलपर्यंत, पण सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीची नोंद पाहिजे. ज्यांनी ॲपवर नोंद केली नव्हती ते अडकले. त्यावर आम्ही एक साधा व्हिडिओ केला, अर्ज कुठे द्यायचा, कुठला कागद लागतो, नोंद नसेल तर काय. ना म्युझिक ना ग्राफिक्स. तो चालला. लोक खाली नंबर टाकून विचारायला लागले, ताई माझं असं असं आहे, मी बसतो का यात.

मग आम्ही रोज लिलावाला जायला लागलो. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते, सकाळी आवारात ट्रॅक्टर आणि पिकअपच्या रांगा लागलेल्या असतात, व्यापाऱ्यांचा घोळका आणि बाजार समितीचा माणूस एकेका ट्रॉलीपाशी येतो, कुणीतरी वरचे दोन कांदे बाजूला सारून खालचा उचलतो, मान दाबून बघतो, साल चोळून बघतो, आणि बोली सुरू होऊन संपतेसुद्धा, सवय नसेल तर आकडा ऐकूही येत नाही. चार-सहा महिने राबून आणलेल्या मालाचा फैसला एवढ्यात. शेतकरी ट्रॉलीला टेकून उभा असतो, त्याचा चेहरा बघायचा, भाव कळतो. बाजार समिती किमान, कमाल आणि सरासरी भाव जाहीर करते, ते सगळ्यांना फुकट मिळतात. पण सरासरी क्विंटलला 1400 म्हणजे काय? कालच्यापेक्षा गाड्या जास्त आल्या का, घेणारे व्यापारी किती उतरले, बांगलादेशला माल जातोय का, पिंपळगावला काय निघाला, उमराण्याला काय, हे एकत्र करून कुणी सांगत नव्हतं. आम्ही व्हॉट्सॲपवर रोज दुपारी एक मेसेज द्यायला लागलो, आठ-दहा ओळी, शेवटी अर्ध्या मिनिटाचा ऑडिओ. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 च लोक बसतात आणि त्यांनी आपला नंबर सेव्ह केला असेल तरच मेसेज पोहोचतो, त्यामुळे दिवसभर माझं काम काय तर 'दादा, नंबर सेव्ह केला का?' नंतर सप्टेंबर 2023 ला व्हॉट्सॲप चॅनल आले तेव्हा सुटका झाली. एका मोठ्या पेपरची मुख्य उपसंपादक कांद्याचे भाव टाइप करते, असं जुन्या ऑफिसात हसले म्हणे. हसू देत.

7 डिसेंबर 2023. त्या रात्री केंद्राने कांदा निर्यातबंदीचं नोटिफिकेशन काढलं, दुसऱ्या दिवसापासून 31 मार्चपर्यंत लागू. इंग्रजी पीडीएफ रात्री ग्रुपवर फिरायला लागली, कुणी म्हणे खोटी आहे, कुणी म्हणे जुनी. डेस्कवरची सवय इथे कामाला आली. मूळ साइटवर जाऊन नंबर तपासला, तारीख तपासली, अपवाद कुठले ते वाचले, जो माल बंदीआधीच लोड व्हायला लागला होता त्याचं काय ते वाचलं, आणि साध्या मराठीत मेसेज टाकला. उद्या कांदा बाजारात न्यायचा की नाही हे आम्ही सांगत नाही, पण खरं काय आहे ते हे. त्यावेळी बाजारात लाल कांदा होता, तो उन्हाळ कांद्यासारखा कांदाचाळीत साठवून ठेवता येत नाही, काढला की विकावाच लागतो, म्हणून बंदीचा फटका जास्त. दुसऱ्या दिवशी लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा हायवे अडवला, आणि आम्ही तिथे सकाळपासून लाइव्ह होतो. त्या आठवड्यात जेवढे लोक आले तेवढे आधीच्या सगळ्या महिन्यांत मिळून आले नव्हते. पुढे 25 एप्रिलला गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला 2000 टन निर्यातीची परवानगी निघाली तेव्हा नाशिकमध्ये जो संताप झाला तो आम्ही शेतात बसून रेकॉर्ड केला. मग 4 मे 2024 ला बंदी उठली पण टनाला 550 डॉलर किमान निर्यात मूल्य आणि 40 टक्के शुल्क ठेवून, म्हणजे दार उघडलं आणि उंबरा छातीएवढा केला.

तेव्हापासून भावाच्या मेसेजला वर्गणी ठेवली, महिन्याला 30, वर्षाचे 300. ऐच्छिक. क्यूआर कोड खाली असतो. लोक 30 पाठवत नाहीत गंमत बघा, 51 पाठवतात, 101 पाठवतात, देवळात टाकल्यासारखे. एकाने 11 रुपये पाठवले आणि नोटमध्ये लिहिलं 'भाव वाढला की बाकीचे'. वाढल्यावर खरंच पाठवले त्याने.

आता इथे एक गोष्ट जी मला सोडताना कळली नव्हती आणि कुणी सांगितलीही नव्हती. लोक पैसे देतात ते भावासाठी. ज्या बातम्यांसाठी आम्ही पेपर सोडला, त्या पतसंस्थेसारख्या, त्यांना कुणी 51 रुपये पाठवत नाही. ती बातमी शेवटी आम्ही केली. लेखापरीक्षणाचा अहवाल, ठेवीदारांच्या पावत्या, संचालकांना पाठवलेले प्रश्न, सगळं दाखवून. आठवड्याभरात पाच कोटींच्या अब्रूनुकसानीची नोटीस. पेपरात असताना अशी नोटीस आली की ती लीगलला जायची आणि आपण चहा प्यायला जायचो. इथे नोटीस माझ्या घरच्या पत्त्यावर, सासूबाईंनी सही करून घेतली आणि विचारलं, 'पाच कोटी म्हणजे आपलं घर जाईल का गं?' ओळखीचे एक वकील आहेत त्यांनी उत्तराचे पैसे कमी घेतले, पण त्यात त्या महिन्याची वर्गणी सगळी गेली. पुढे त्या प्रकरणात एमपीआयडी या ठेवीदार संरक्षण कायद्याखाली गुन्हा दाखल झाला, मग सगळ्या पेपरांनी चार कॉलमात लावली. नोटीस पाठवणाऱ्यांनी कोर्टात काही केलं नाही. पण तो मधला काळ जो असतो ना, पोस्टमन दिसला की पोटात गोळा, तो आपला आपणच काढायचा असतो.

भीतीबद्दल बोलायचं तर 3 ऑक्टोबर 2023 ला दिल्लीत न्यूजक्लिक या पोर्टलशी संबंधित पत्रकारांच्या घरी पहाटे पोलीस गेले, लॅपटॉप-मोबाईल नेले, संपादक प्रबीर पुरकायस्थ यांना यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक झाली. सुप्रीम कोर्टाने ती अटक बेकायदा ठरवून त्यांना सोडायला सांगितलं ते मे 2024 ला. धाडी पडल्या त्या दिवशी नवरा कामावरून आल्यावर काही बोलला नाही, नुसता टीव्ही बघत बसला, आणि जेवताना म्हणाला, तुमचा सगळा डेटा कुठे असतो? मी म्हटलं आमचा कांद्याचा आहे हो. पण नुसतं दिल्लीचंच नाही. आम्ही सुरू करायच्या सुमारास, फेब्रुवारी 2023 ला, राजापूरला शशिकांत वारिसे यांच्या दुचाकीला गाडीने धडक देऊन त्यांचा जीव गेला, खुनाचा गुन्हा दाखल झाला, ते रिफायनरीबद्दल लिहीत होते. छोट्या गावातल्या पत्रकाराला कोण बघतं? रिपोर्टर रात्री एकटा खेड्यात गेला असेल तर आम्ही आता लोकेशन चालू ठेवायला लावतो, एवढंच करू शकतो.

लोकसभेच्या वेळी वेगळीच परीक्षा झाली. यूट्यूब चॅनलवाल्यांना उमेदवारांचे लोक 'पॅकेज' देतात, हे आता सगळ्यांना माहीत आहे. इतक्या मुलाखती, इतक्या सभा लाइव्ह, विरोधकाची एकही नाही, एवढे पैसे. पेपरांच्या पेड न्यूजबद्दल 2009 ला पी. साईनाथांनी उघड लिहिलं तेव्हा आम्ही तरुण पोरं किती तावातावाने बोलायचो, आणि आता तेच पाकीट आमच्या टेबलापर्यंत आलं. आकडा असा होता की वर्ष निघालं असतं. आमच्यात भांडण झालं, खोटं कशाला बोलू. फोटोग्राफर म्हणाला, भाव विकून किती दिवस चालणार, एकदा घेऊ आणि मग वर्षभर स्वच्छ बातम्या करू. त्याचंही चूक नव्हतं, त्याला दोन लहान मुलं. शेवटी असं केलं की जाहिरात घ्यायची, पण जाहिरात म्हणूनच, वर ठळक लिहून, आणि निवडणुकीच्या जाहिराती तपासणाऱ्या जिल्ह्याच्या एमसीएमसी समितीचं प्रमाणपत्र आणलं तरच. हे सांगितल्यावर बहुतेकांनी पुन्हा फोन केला नाही. छुपी मुलाखत हवी होती त्यांना, जाहिरात नको होती.

त्याच निवडणुकीत दिंडोरीला भास्कर भगरे सर शरद पवारांच्या पक्षाचं 'तुतारी वाजवणारा माणूस' हे चिन्ह घेऊन उभे होते आणि बाबू भगरे नावाचा एक अपक्ष नुसती 'तुतारी' घेऊन. आमच्या व्हिडिओत दोन्ही चिन्हं शेजारी शेजारी दाखवली होती, बस एवढंच. तरी अपक्षाला लाखाच्या वर मतं गेली! सर निवडून आले, केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पडल्या, आणि कांद्याने पाडलं असं सगळीकडे छापून आलं. मतमोजणी केंद्राचा पास आम्हाला मिळाला नव्हता, बाहेरच्या मंडपात उभं राहून जुन्या सहकाऱ्यांना फोन करून करून आकडे घेतले. ते देत होते बिचारे, आतून, हळू आवाजात.

आज काय परिस्थिती? रिपोर्टर गेल्या वर्षी परत पेपरात गेला, दुसऱ्या. मुलीची इंजिनिअरिंगची फी होती, आम्ही कुणी अडवलं नाही, अजूनही बातमीची टीप देतो. सप्टेंबर 2024 ला निर्यात शुल्क 40 चं 20 झालं आणि 1 एप्रिल 2025 पासून शून्य, तेव्हा कांद्याचा ताप जरा उतरला तसे वर्गणीदारही थोडे उतरले, मग आम्ही टोमॅटो आणि द्राक्षं घेतली. मी आणि फोटोग्राफर मिळून दोघांचा जो पगार काढतो तो दोघांच्या जुन्या पगारांच्या बेरजेच्या निम्म्याच्या थोडा वर आहे. भावाचे मेसेज टाकणारी मुलगी एक, कॉलेज करून करते, तिला वेळच्या वेळी पैसे देतो, त्यात आजवर खंड नाही. पतसंस्थेसारख्या बातम्या वर्षातून तीन-चार होतात, त्याहून जास्त झेपत नाहीत.

आणि मला सगळ्यात जास्त आठवण येते ती, हसाल, डेस्कचीच. मी लिहिलेलं वाचून 'हे काय लिहिलंय, दुसरा पॅरा आधी घे' असं म्हणणारं कुणी नाही. यूट्यूबवर कुणी म्हणत नाही, तिथे एकतर 'एक नंबर ताई' नाहीतर आईबहिणीवरून. रात्री मजकूर तयार झाला की माझाच मी दोनदा वाचते, तिसऱ्यांदा मोठ्याने, सासूबाईंना ऐकवते, त्यांना अडलं तर ती ओळ बदलते. म्हणून सध्या एक उपसंपादक शोधतोय, पूर्ण वेळ नाही, संध्याकाळचे तीन तास. पगार जुन्या पेपरपेक्षा कमी, पण वेळेवर. निवृत्त असतील तर उत्तम, फक्त कांद्याचे भाव टाकायला कमीपणा वाटू नये, आणि माझी कॉपी कापताना हात थरथरू नये.